गेटवेच्या उजव्या हाताला बूट

बेंगळूरला समुद्र नाही, ही गोष्ट मुंबईच्या पाहुण्यांना कशी सांगावी हे आमच्या घरात कुणालाच कधी जमलं नाही. पाहुणा स्टेशनावर उतरला, की वळकटी खाली ठेवायच्या आत विचारायचा, "इथं बघण्यासारखं काय काय?" आम्ही लालबाग म्हणायचो, बसवनगुडीचा मोठा नंदी म्हणायचो, नव्यानंच बांधलेलं विधानसौध म्हणायचो. पाहुणा मान डोलवायचा. "ते झालं. पण संध्याकाळी माणसं जातात कुठं?" माझा मामा अशा वेळी म्हणायचा, "समुद्र आहे की. स्वल्प लांब आहे." इथून मद्रासपर्यंतच्या मुलखाला स्वल्प म्हणणारा तो एकटाच.

खरं सांगायचं तर एक समुद्र आमच्याकडे होता. चिक्कपेटेत, अण्णांच्या स्टुडिओत, भिंतीला टांगलेला.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज कधीतरी मराठी मुलखातून इकडं आले, शिवणकाम करत राहिले, आणि अण्णांनी सुई टाकून कॅमेरा धरला. त्यांच्याकडे चार पडदे होते. एकावर राजवाड्याचा जिना, एकावर चांदण्यातलं तळं, एकावर नुसती बाग. चौथा पडदा मुंबईचा, आणि स्टुडिओ चालायचा तो त्याच्या जिवावर. अण्णांनी स्वतः रंगवलेला. ते मुंबईला कधी गेले नव्हते, पण गिऱ्हाइकं कॅलेंडरं आणून द्यायची. एका कॅलेंडरावरून गेटवे घेतला, दुसऱ्यावरून घड्याळाचा मनोरा, कुठल्याशा डब्याच्या झाकणावरून म्हातारीचा बूट. गेटवेच्या उजव्या हाताला बूट, बुटाच्या मागं मनोरा, मनोऱ्याला टेकून राणीच्या हारातले दिवे, आणि सगळ्यांच्या पायाशी निळाभोर समुद्र. पुढं लाकडी फळीची होडी. तिच्यात बसून नवी जोडपी फोटो काढून घ्यायची आणि गावाकडं पाठवायची. निम्मं सोलापूर समजत होतं की बेंगळूरची माणसं लग्न झालं की मुंबईला जातात.

मी त्या पडद्यासमोर वाढले. मुंबई मला पाठ होती. बुटाच्या कुठल्या खिडकीला अण्णा रंग द्यायचा विसरलेत तेसुद्धा ठाऊक होतं. उलट बेंगळूर मी पाहिलंच नव्हतं. गाव आपलंच, ते कुठं पळून जातंय. पेठेतून शाळा, शाळेतून पेठ, गणपतीला देवळात. अशी ही जगाची जाणकार अठरा वर्षांची झाली आणि तिला मुंबईचं स्थळ आलं.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्या घरांत मुलगी 'दाखवत' नसत. मुलाकडची मंडळी 'गाव बघायला' येत. मामा त्यांना जटक्यातून गावभर फिरवी, आणि वाट दाखवायला म्हणून मुलगी बरोबर जाई, जणू घोड्याला वाट माहीत नव्हती. फायदा असा, की नकार आला तर तो लालबागेला आला असं धरता येई. मुलीला कुणी पाहिलंच नव्हतं ना. पेठेतल्या कितीतरी मुलींपायी लालबाग नापसंत झालेली आहे.

मला नवरा नको होता असं नाही. पण आधी समुद्र हवा होता. नवरा त्याच्याबरोबर येत असेल तर येऊ दे, एवढीच माझी उदार भूमिका. स्थळ गिरगावातलं आहे कळल्यावर मी रात्रंदिवस त्या पडद्याची उजळणी केली. आईनं मला वेगळीच शिकवणी दिली. "कामाचं काही विचारलं तर हो म्हण. मौजेचं काही विचारलं तर नाही म्हण. आणि मान वर करू नकोस." इतका सोपा पेपर. त्यात मी नापास झाले.

मंडळी म्हणजे मुलगा आणि त्याची आई. मुलगा गोरा, उंच, आणि बोलण्याच्या बाबतीत आमच्या लाकडी होडीसारखा. नोकरी फोर्टातल्या कचेरीत. आई ठसठशीत, लग्न झाल्यापासून मुंबईत राहिलेली, आणि ते ती दर दोन वाक्यांनी सांगायची.

पहिल्यांदा लालबाग. काचघरापाशी उतरलो. बाई वर बघून म्हणाल्या, "एवढी काच. पुसतं कोण?" मला उत्तर येत नव्हतं. शेजारचा उंच खडक किती जुना असेल, त्यावरची ती छोटी घुमटी कुणी बांधली, हे त्यांनी विचारलं, तेही येत नव्हतं. मामा म्हणाला, "फार जुनं, अक्का. फारच जुनं." माझा अपमान झाला. वाट दाखवायला आलेली मी, आणि मलाच काही ठाऊक नाही. म्हणून मी मला येत होतं ते बोलून टाकलं.

"तुमच्या हँगिंग गार्डनपुढं हे काहीच नाही," मी म्हटलं.

बाई थबकल्या. "मुंबई पाहिलीस का तू?"

नाही म्हणायचं होतं. मान खाली घालून, हळू आवाजात, नाही. एवढंच.

"हो तर," मी म्हणाले. "कितीदा."

मामाला ठसका लागला. तो घोड्याकडं बघायला निघून गेला.

मग मी सुटलेच. गेटवेपाशी उतरलं की उजव्या हाताला बूट कसा दिसतो, बुटाच्या मागल्या अंगाला मनोरा, तिथून दोन पावलांवर राणीचा हार, संध्याकाळी सगळं एकदम कसं झगमगतं. माझी पोपटपंची ऐकून मुलानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, प्रभाव पडला. त्याची आई मात्र अगदी शांतपणे म्हणाली, "हो, हो. तिथंच आहे तो बूट."

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही, कारण डोक्यात जागा नव्हती. मुंबईत सारा संसार काढलेल्या त्या बाईनं भाजीबाजार पाहिला होता, देऊळ पाहिलं होतं, चाळीचा नळ पाहिला होता. बूट पाहायला तिला कुणी नेलंच नव्हतं. आणि पेठेतल्या पोरीसमोर ते कबूल करणार कशी? आम्ही दोघी एकमेकींना न पाहिलेली मुंबई दाखवत लालबागेतून फिरत होतो, आणि लालबागेकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

पुढं बसवनगुडीचा नंदी. तिथल्या पुजाऱ्यानं गोष्ट सांगितली. हा नंदी आधी लहान होता. मग रोज वाढायला लागला. लोक घाबरले. शेवटी त्याच्या कपाळात लोखंडी त्रिशूळ ठोकला, तेव्हा कुठं वाढायचा थांबला. बाईंना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. "वेळेवर ठोकला म्हणून बरं," त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या. मला वाटलं, बाई भाविक आहेत.

विधानसौध आम्ही जटक्यातूनच पाहिलं. पांढरं, मोठं, घुमटदार. "आत काय असतं?" बाईंनी विचारलं. "सरकार," मामा म्हणाला. "मग बाहेरूनच बरं," बाई म्हणाल्या. दिवसभरात त्या जे बोलल्या त्यातलं मला एवढंच पटलं.

शेवटी स्टुडिओ. पाहुण्यांचा फोटो काढल्याशिवाय अण्णा कुणाला सोडत नसत. आणि पाहुणे मुंबईचे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या आदरानं पडदा कुठला सोडावा? मुंबईचा. गिरगावातून दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून आलेली माणसं चिक्कपेटेत गेटवेसमोर उभी राहिली. बाईंना अण्णांनी खुर्ची दिली. बाईंनी पडदा निरखला, आणि मोठ्या अधिकारानं म्हणाल्या, "हुबेहूब."

अण्णांचा ऊर भरून आला. अस्सल मुंबईकराची पावती त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. ते काळ्या कापडात डोकं घालून कॅमेऱ्याशी झटापट करू लागले. माझी आई बाईंच्या पदराची चुणी सारखी करत होती, मामा खुर्ची सरळ करत होता. मुलगा होडीमागं, बुटाशेजारी उभा होता. मला त्याच्या बाजूचा दिवा धरायला सांगितलं होतं.

ओठ न हलवता तो म्हणाला, "बूट टेकडीवर आहे. गेटवेपासून बसनं जावं लागतं."

"पडदा लहान आहे," मी म्हटलं. "अण्णांनी जवळ घेतला."

"तुम्ही मुंबई पाहिलेली नाही."

"नाही."

"इथलं राजाजीनगर तरी?"

"तेही नाही."

तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा. मग म्हणाला, "मी सांगणार नाही कुणाला."

"हलू नका," अण्णा कापडातून ओरडले.

बास. माझं लग्न झालं. म्हणजे माझ्या मनात. त्या एका वाक्यावर मी गिरगावात संसार थाटला, संध्याकाळी त्याच्याबरोबर बसनं टेकडीवर गेले, बुटाच्या खिडकीतून समुद्र पाहिला. ज्याला आपलं गुपित कळलं आणि ज्यानं ते पोटात ठेवलं, तो आपलाच, असं मला वाटे. अठराव्या वर्षी मुलींना जे वाटतं त्यावर सरकारनं कर बसवायला हवा, विधानसौधासारखी चार उभी राहतील.

मंडळी परत गेली. निरोप यायला बरेच दिवस लागले. मग एका दुपारी मामा आला, चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला, तेव्हाच आईनं चुलीवरचं आधण उतरवलं.

"लालबाग आवडली नाही त्यांना," मामा म्हणाला.

"का पण? काय कमी आहे?"

"कमी नाही. जास्त आहे." मामानं माझ्याकडं बघायचं टाळलं. "म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, पण फार हिंडलेली आहे. मुंबईचा कानाकोपरा माहीत आहे तिला. इतकी फिरलेली पोर घरात टिकायची नाही."

आई मटकन बसली. "हिंडलेली? ही? पेठेबाहेरच्या रस्त्यावर हिला सोडली तर घरी आणून पोचवावं लागेल."

"आणि मुलगा?" मी विचारलं. मान वर करून. आता कसली भीती.

"तो काय बोलणार. आईपुढं गप्प बसला होता म्हणे."

म्हणजे त्यानं शब्द पाळला. एका वाक्यानं सगळं निभावलं असतं. 'आई, ही कुठं गेलेली नाही, तो पडदा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण सांगणार नाही म्हणाला होता, आणि सांगितलं नाही. इतका शब्दाचा पक्का माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि देवाची कृपा, की पाहावा लागला नाही. तो माझं गुपित राखत होता असं मी समजत होते. तो नुसता गप्प बसणारा होता. त्याचा तो जन्माचा धंदा होता, मी मध्ये आले इतकंच.

मामा म्हणाला, "मी जाऊन सांगू का, पोरीनं थाप मारली म्हणून?"

मी क्षणभर विचार केला. थापाडी म्हणून नाकारली जाण्यापेक्षा हिंडलेली म्हणून नाकारली जाणं मला जास्त भारदस्त वाटलं. "नको," मी म्हटलं. "राहू दे." पुढं कित्येक महिने पेठेतल्या बायका माझ्याकडं जरा जपूनच बघायच्या, आणि मी नळावरसुद्धा अशी चालायचे जणू बोटीतून उतरतेय.

काही वर्षांनी माझं लग्न झालं, गावातच. हे कारखान्यात होते. गाव बघायला आले तेव्हा म्हणाले, गाव माझं बघून झालंय, मुलगी बघायची आहे. आई नाराज झाली, मला हसू आलं. बिऱ्हाड थाटलं राजाजीनगरला. तेवढंच एक ठिकाण बघून झालं.

मग एकदा यांच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही मुंबईला गेलो. लग्न लागल्या लागल्या मी यांना गेटवेवर ओढत नेलं. कमान होती. समुद्र होता, पण निळा नव्हता. चहात टाकलेल्या खडूसारखा काहीतरी रंग होता, आणि वास होता. अण्णांच्या समुद्राला तारपीनचा वास यायचा, तो मला बरा वाटायचा. मी कमानीकडं पाठ केली आणि सवयीनं उजवीकडं पाहिलं. तिकडं बूट नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी पाहिलं, आणि नव्हता तेव्हा वाईट वाटलं.

"काय शोधतेस?" यांनी विचारलं.

"काही नाही. टेकडीवर जायचंय बसनं."

यांनी नेलं. बूट पाहिला. लहान पोरं वर चढून ओरडत होती. खिडकीतून समुद्र दिसत होता की नाही ते सांगता यायचं नाही, कारण मोठ्या माणसांना आत सोडत नव्हते.

परत आल्यावर पहिली स्टुडिओत गेले. अण्णांचे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते. पडद्याच्या कडा फाटल्या होत्या आणि ते तो नव्यानं रंगवायला बसले होते. रंगाच्या वाट्या मांडलेल्या, कुंचला भिजवलेला. त्या बाईंचा फोटो समोरच्या कपाटात अजून होता, दर्शनी जागी. 'अस्सल मुंबईकर', असं अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवून सांगत. कडेला बोटभर मी होते, दिव्यासकट.

"आता तू डोळ्यांनी पाहून आलीस," अण्णा म्हणाले. "चुकलं असेल ते सांग. जुनं पुसून नवीन करतो. बूट बरोबर आहे ना? मला नेहमी शंका यायची. कॅलेंडरावर एकत्र नव्हते ते."

मी पडद्याकडं पाहिलं. रंग द्यायची राहिलेली ती खिडकी अजून तशीच होती.

"बरोबर आहे, अण्णा," मी म्हटलं. "गेटवेच्या उजव्या हाताला. फक्त ही खिडकी तेवढी रंगवा."

"सरी, तसंच करतो," म्हणाले, आणि कुंचला उचलला.