साडूभाऊंची शिट्टी

माझ्या साडूंइतका अस्वस्थ माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असेही मला वाटत नाही. देवाने त्यांना पाय दिले आणि ते ठेवायचे कुठे हे सांगायचे राहून गेले. कीर्तनाला बसले तर त्यांचा गुडघा असा हले, की त्याच जाजमावरच्या दहा माणसांना बुवांच्या चिपळ्यांपेक्षा त्या गुडघ्याचाच ताल सापडे. घरातली बाज वर्षातून दोनदा नव्याने विणावी लागे. न्हाव्याने तर त्यांची दाढी करण्याची वेगळीच रीत काढली होती. तो वस्तरा स्थिर धरी आणि साडूंना सांगे, 'आते हाला तुम्ही.' मी लोणखेड्याला शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा त्यांच्या घरापासून माझे घर दोन दारे सोडून होते. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. त्यामुळे या गृहस्थांपासून लांब राहण्याची मला काही सोय नव्हती, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती.

लढाईच्या आधीच्या काळातली ही गोष्ट. साडू तीन वर्षे भुसावळला रेल्वेत कारकून होते. वडील गेले म्हणून नोकरी सोडून शेती पाहायला परत आले. रेल्वेतला माणूस परत येतोय म्हटल्यावर गावाला वाटले, ट्रंकेत बरेच काही असेल. ट्रंक उघडली तर आत एक फुटबॉल, एक पितळेची शिट्टी आणि कव्हर गेलेले नियमांचे एक इंग्रजी पुस्तक. गावाने तोवर कुस्ती पाहिली होती, हुतूतू पाहिला होता, सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांच्या चाली पाहिल्या होत्या. पण मोठी माणसे एका चामड्याच्या गोळ्यामागे धावतात आणि त्याला हात मात्र लावत नाहीत, हे काही कुणाच्या पचनी पडेना. तरी महिनाभरात गोमाई नदीकाठच्या गायरानावर अकरा जण जमले. बाभळीचे दोन दांडे आणि वर बांधलेला मोटेचा जुना नाडा, हा गोल. चेंडू उसवला की घोड्यांची खोगिरे शिवणारे रहीमचाचा तो शिवून देत आणि प्रत्येक वेळी म्हणत, 'इत्ते टाके तो मैंने किसी घोड़ी के जीन को नहीं मारे, भाऊ.'

खेळ शिकवण्याआधी साडूंनी खेळाचे शब्द शिकवले. त्यांचे म्हणणे असे, की शब्द कळल्याशिवाय धावणे म्हणजे नुसते धावणे. शिट्टी तोंडाशी असली की ते पुस्तकी मराठी बोलत, आणि समजूत घालायची असली की आपल्या गावाकडच्या गोष्टींवर येत. थ्रो-इन म्हणजे काय? चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर ज्याच्याकडून गेला त्याच्या विरुद्धच्या बाजूने तो आत टाकायचा. दोन्ही हातांनी, डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. बांधापलीकडच्या माणसाला आपण पाटी देतो ना, तसे. कॉर्नर म्हणजे आपला चेंडू आपल्याच माणसाने आपल्या गोलामागे घालवला, की समोरच्याला कोपऱ्यावरून मारायला मिळतो. फ्री किक आणि पेनल्टी यांतला फरक तर त्यांनी असा सांगितला, की गावातली म्हातारी माणसेसुद्धा तो नातवंडांना सांगू लागली. वाटेत कुणाला धक्का मारलास तर फ्री किक; आपल्या ओसरीवर आलेल्याला धक्का मारलास तर पेनल्टी. आणि ऑफसाइड म्हणजे पंगतीला बोलावण्याआधीच पत्रावळीपुढे जाऊन बसणारा. चेंडू मागून यायचा आहे, समोरच्यांची माणसे मागे राहिली आहेत आणि हा आपला एकटाच गोलाच्या तोंडाशी उभा. असल्या हावरटाचा गोल धरायचा नाही. 'पण थ्रो-इनवरून आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही,' हे ते बोट वर करून तीन तीनदा बजावत. मला त्यांनी बाजूच्या रेषेवर निशाण घेऊन उभे केले होते, त्यामुळे मला तर ते दहादा बजावत.

हे शब्द गायरानावर राहिले असते तर ठीक होते. साडूंनी ते घरात आणले. दार पायाने लोटायचे, पाट पायाने सरकवायचा, आणि कुणी काही फेकले तर हाताने झेलायचे नाही. मी एकदा शाळेची किल्ली त्यांच्याकडे टाकली, तर त्यांनी ती छातीवर घेतली, मांडीवर उतरवली आणि पायाने अक्काच्या पिठाच्या परातीत घातली. अक्का भाकरी थापताना एकदा हात धुवायला उठली, तर यांनी शिट्टी फुंकून 'हाफ-टाइम' पुकारला आणि चुलीची बाजू बदलावी काय याचा विचार करू लागले. अक्काने नुसते लाटणे उचलून त्यांच्याकडे पाहिले. मोटेवर बैल हाकताना हे गृहस्थ मनात कुणाला तरी चुकवत असत, आणि बैल आपापल्या बुद्धीने चालत. वाफे तुंबत, कपाशी तहानलेली राही. शेजारचे शेतकरी म्हणत, 'यास्ना कपाशीले पानी भेटत नई, पन चेंडूले हवा रोज भेटस.'

आमच्या धाकट्या मेहुणीच्या लग्नात मात्र कहर झाला. लग्न सारंगखेड्याला, सासऱ्यांच्या दारात. सासरे मोठे शेतकरी, चार बैलजोड्या, दारात घोडी, आणि मानपानाच्या बाबतीत एकदम कडक. नवरदेवाचे मामा पहाटेपासून बैलगाडीत हिंदकळून आलेले, भुकेने कासावीस. पंगत मांडली जात होती, यजमानांनी अजून 'बसा' म्हटले नव्हते, आणि मामा हळूच जाऊन पहिल्या पत्रावळीपुढे बसले. साडूंचा गुडघा हलायला लागलेला मी पाहिला. मी त्यांचा हात धरणार तेवढ्यात शिट्टी वाजली. वाजंत्री थांबली. साडूंनी मामांकडे बोट करून स्वच्छ आवाजात सांगितले, 'ऑफसाइड!' मामांना शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण अपमान कळायला अर्थ कशाला लागतो? ते उठले आणि गाडी जुंपायला निघाले. भर मांडवात सासऱ्यांनी आपले पागोटे त्यांच्या पायांवर ठेवले, तेव्हा कुठे ते परतले. त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. साडू मात्र मला कोपऱ्यात घेऊन विचारत होते, 'पण मास्तर, तुम्हीच सांगा, होता की नाही?' होता, हे मला कबूल करावे लागले.

पुढच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, अक्का माहेरी गेली. खानदेशात अखाजीला लेक माहेरी जाणारच, झोके घेणार, गाणी म्हणणार आणि आठ-दहा दिवसांत परत येणार. पंधरा दिवस झाले, अक्का आली नाही. साडू आणायला गेले तर सासऱ्यांनी ओसरीवरच सांगितले, 'जवाईबापू, तुम्हना घरमा चेंडू ऱ्हाई, नईतं मन्ही पोर ऱ्हाई. दोन्हीमातीन एकच.' साडू रिकाम्या गाडीने परत आले. त्यानंतर त्यांचे जे झाले ते पाहवत नव्हते. दिवसातून दहा वेळा माझ्या घरी येत, उंबऱ्यावर उभे राहत, 'काही निरोप?' विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जात. चहा दिला तर कप हातात घेऊन अंगणभर फिरत. चेंडू टाकून द्यावा तर जीव तुटत होता, आणि अक्कावाचून घर खायला उठत होते. मला त्यांचे हसू येई आणि कीवही येई, दोन्ही एकदमच.

अखेर सासऱ्यांनीच अट घातली. धुळ्याला शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याने सारंगखेड्यातही एक संघ जमवला होता. निरोप आला, 'मन्हा गावना पोऱ्यासले हरावा, मंग पोर बी लई जा नि चेंडू बी खेळा. नई जितनात तं चेंडूले परत पाय लावाना नई.' साडूंनी शब्द दिला. आणि पंच कोण? शिट्टी एकच, नियम जाणणारा एकच. सासरेच म्हणाले, 'जवाईच होऊ दे पंच. येडा शे, पन खोटा नई.' ही अट साडूंनी आपल्या गड्यांपैकी एकालाही सांगितली नाही. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशी आणायची? फक्त मला ठाऊक होती.

मृगाच्या आधीची ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. नांगरटीची ढेकळे तापलेली, गायरानावर दोन्ही गावची माणसे, आणि घोडीवर बसलेले सासरे. पाहुण्यांना गुळाचे पाणी दिले गेले आणि खेळ सुरू झाला. पंच म्हणून साडू बावीस जणांपेक्षा जास्त धावले. उत्तरार्धात आमच्या लोणखेड्याने एक गोल केला. साडूंनी शिट्टी वाजवून मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवले. तोंडावर काही नाही, पण माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, 'मास्तर, घर झाडून ठेवायला सांगा.' आता थोडाच वेळ राहिला होता. पाहुण्यांना एक थ्रो-इन मिळाला. सासऱ्यांचा पुतण्या सगळ्यांच्या पुढे, गोलाच्या तोंडाशी एकटा उभा. चेंडू सरळ त्याच्या पायात आला. आमच्या गोलात लोटन उभा होता, चार हात उंच, दोन बैलांमधले भांडण हाताने सोडवणारा गडी. लोटनने चेंडू पाहिला, पुतण्याकडे पाहिले, आणि दोन पावले बाजूला सरकून दारात आलेल्या माणसाला वाट द्यावी तसा हात पसरला. चेंडू संथपणे आत गेला.

मी लोटनकडे धावलो. 'अरे, काय केलंस हे?' तो अगदी निर्मळ चेहऱ्याने म्हणाला, 'मास्तर, सासरवाडीना पाहुना शेतस. रिकामा हातनं कसा धाडाना? आपला एक, त्यासना एक. कोनलेच वाईट नई.' पाहुणचारात कसूर नको म्हणून बिचाऱ्याने आपल्या हाताने साडूंचे सगळे देऊन टाकले होते. मग मी ते केले, जे मास्तराने करू नये. रेषेवर येऊन मी निशाण वर केले. ऑफसाइड. साडू धावत आले. त्यांच्या छातीचा भाता चालला होता, डोळ्यांत आशा होती. 'मास्तर, ऑफसाइड?' मी होकाराची मान हलवली. मग त्यांनी हळूच विचारले, 'मास्तर, चेंडू आला कुठून?' मला खोटे बोलता आले असते. पण दहादा बजावून घेतलेला नियम तोंडातून निघून गेला. 'थ्रो-इनवरून.' साडूंनी माझे निशाण आपल्या हाताने खाली केले, शिट्टी फुंकली आणि मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवले. गोल.

बरोबरीत सामना संपला. सासरे घोडीवरून उतरले. त्यांनी माझे निशाण वर गेलेले आणि खाली आलेले पाहिले होते. म्हणाले, 'जवाईबापू, आखो थोडा खेळा. मन्ही ना नई.' साडूंनी नको म्हणून मान हलवली. 'ज्यादा वेळ आधी ठरला नव्हता, आबा. जिंकायचं ठरलं होतं.' त्यांनी चेंडू उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी अक्का घरी आली.

त्यानंतरचे वर्ष साडूंच्या शेतीला फार चांगले गेले. वाफे वेळेवर भरत, कपाशी कमरेएवढी झाली, बाज एकदाही विणावी लागली नाही. कीर्तनात ते मांडी घालून बसत आणि गुडघा हलत नसे. आजूबाजूच्यांना तेच चुकल्याचुकल्यासारखे होई. न्हाव्याला वस्तरा चालवावा लागू लागला. अक्का माझ्या बायकोजवळ येऊन रडली. म्हणाली, 'बाई, घरमा मानूस बसेल शे, पन घर सुनं लागस.'

पुढच्या अखाजीला ती पुन्हा माहेरी गेली आणि बरोबर आठ दिवसांनी परत आली. लेकीच्या पाठवणीला बाप लुगडे देतो. तिने लुगडे मागितले नव्हते. सांजोऱ्यांची पाटी तिने माझ्यादेखत अंगणात उतरवली, वरचे फडके काढले, आणि सांजोऱ्यांखालून तो चेंडू बाहेर काढला. वर्षभर सासऱ्यांच्या घरी घोडीच्या खोगिराशेजारी खुंटीवर लटकलेला. साडू दोन पावले मागे सरकले. 'मी शब्द देयेल शे,' ते म्हणाले. त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी त्या क्षणी नव्हती. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'चेंडूले पाय लावसू नई, असंच बोलनात ना तुम्ही? मंग थ्रो-इन काय पायनं करतस?' चुलीपुढे बसून, लाटणे उगारून, ही बाई सगळे नियम ऐकत होती.

साडूंनी शब्द अखेरपर्यंत पाळला. चेंडूला पाय कधीच लावला नाही. गायरानाच्या बाजूच्या रेषेवर मात्र ते रोज उभे असत, आणि चेंडू बाहेर गेला की तो आत टाकण्याचा मान त्यांचा. कुठल्याही बाजूचा असो, दोन्ही गावांनी हे मान्य केले होते, पुस्तकात असो वा नसो. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला तरी सगळे थांबत आणि साडू धापा टाकत तिकडे पोचेपर्यंत कुणी हात लावत नसे. ते चेंडू दोन्ही हातांत धरत, डोक्यामागे नेत आणि दोन्ही पाय जमिनीवर रोवून क्षणभर एकदम स्थिर उभे राहत. चेंडू सुटला की गुडघा पुन्हा हलायला लागे.

आता साडू नाहीत. गायरानावर पोरे अजून खेळतात, नवा चेंडू आहे, लोखंडी खांब आहेत. मी रेषेवरच्या माझ्या जुन्या जागी जाऊन बसतो. चेंडू बाहेर येतो, जवळचा कुणीही तो उचलतो आणि आत टाकतो, खेळ पुढे जातो. मी मात्र दरवेळी जरा थांबतो. त्यांना पोचायला थोडा वेळ लागायचा.