येळवशीचा पाहुणा आणि अदालतीचा हुकूम

"साहेब, या बाई दिरावर दरखास्त द्यायला आल्यात, अन् दिराचं नाव घ्यायला तयार न्हाईत," आतल्या खोलीत मुन्शी वकिलांना हळूच सांगत होता.

नळदुर्गच्या त्या वकिलांच्या ओसरीवर मावशी आणि मी सतरंजीवर बसलो होतो. मावशीनं पदर आणखी पुढं ओढला. ज्याच्या भीतीनं ती बैलगाडीत हादरे खात इथवर आली होती, त्याचं नाव मात्र तिच्या तोंडून निघेना. थोरल्या दिराचं नाव बाईनं कसं घ्यायचं? मुन्शीनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "आमच्या थोरल्या घरचे."

"अवो बाई," मुन्शी परत बाहेर येऊन म्हणाला, "चावडीवर हाक मारली 'थोरल्या घरचे' म्हणून, तर अर्धं गाव उभं ऱ्हाईल!"

मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकत होते आणि दिवाळीच्या सुटीला मावशीकडं आले होते. नाव मला माहीत होतं. पण परक्या माणसासमोर बोलायची मला भीती वाटायची. मी वहीचं पान फाडलं, नाव लिहिलं आणि मुन्शीच्या दौतीशेजारी ठेवलं. नाव इंग्रजीत लिहिलं होतं. मुन्शीनं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि आत नेला. वकील हसतच बाहेर आले. काळी शेरवानी, रुमी टोपी आणि पानानं लाल झालेले ओठ.

"एक बोल नहीं सकती, दुसरी बोलती नहीं," ते म्हणाले. "चला, नाव तर मिळालं. आता काय झालं ते सांगा."

मावशीनं आधी बैलांचं सांगितलं. मावशीचे यजमान वारले तेव्हा भावाभावांत वाटणी होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दीर शेत आपलंच म्हणत होता. उभ्या ज्वारीत त्यानं बैल सोडले होते. मग कडी तोडून घरात शिरला होता. सगळ्यात शेवटी, अगदी सहज सांगावं तसं, तिनं विहिरीचं सांगितलं. काठावर उभा राहून तो म्हणाला होता, एकटी बाई पाय घसरून आत पडली तर कोण बघणार आहे.

वकिलांचं पान चघळणं थांबलं. "हे कधी झालं?"

"पोळ्याच्या मागं-पुढं. भावकीतली गोष्ट, मिटंल वाटलं."

"बाई, बैल आले तेव्हाच यायचं होतं. कडी तोडली तेव्हा तर पळत यायचं होतं. मार बसेपर्यंत थांबायचं नसतं. धमकी दिली, पुरे झालं. दिवस लक्षात ठेवायचा, ऐकणारा कोण होता ते लक्षात ठेवायचं अन् यायचं."

त्यांनी हुकमाची रीत समजावली, ती मी तेव्हाच वहीत उतरवून घेतली. मुन्सफसाहेब, म्हणजे अदालतीतले न्यायाधीश, आधी तात्पुरता मनाईहुकूम देतील. दिरानं शेतात, घरात, विहिरीवर पाऊल टाकायचं नाही, मावशीला वाटेत अडवायचं नाही. मग त्याला बोलावून त्याचंही ऐकतील आणि नंतर हुकूम पक्का करतील, नाहीतर उठवतील.

"हुकूम म्हणजे भिंत नाही," वकील म्हणाले. "त्यानं मोडला तर काठी घ्यायची नाही, इथं यायचं. अन् एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुम्ही स्वतः त्याला आत बोलावलंत, तर तो मुन्सफांना सांगेल, ही बाई मला कुठं भिते? हुकूम गेला मग."

"म्या कशाला बोलावीन त्यांस्नी?" मावशी म्हणाली. तिला हसूच आलं.

सुटी संपायच्या आतच तात्पुरता हुकूम आला. अदालतीचा कारभार उर्दूतच चालायचा, म्हणून चपराशानं चावडीवर तो उर्दूतून वाचला. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "एवढं शिकलीस, तुला त्यातलं काय कळलं?" मी नकारार्थी मान हलवली. "मग मला अन् तुला सारखंच कळलं की गं!" ती खूश होऊन म्हणाली. पण कडी तुटल्यापासून रात्री दाराला आतून उखळ टेकवणारी मावशी त्या दिवसापासून ते लावेनाशी झाली.

नाताळच्या सुटीत मी परत गेले, तेव्हा येळवस होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी केली, आत लक्ष्मी म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, ज्वारीत ताकातली अंबील शिंपडली. जेवायला भाज्या-डाळींची मिसळ भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, खीर. येळवशीला शेताशी आलेला माणूस, वाटसरू असो की वैरी, न जेवता जात नाही. संक्रांतीनंतर पक्क्या हुकमाची तारीख होती, आणि मावशी त्या दिवशी इतकी मोकळी हसत होती की मला ती तारीख आठवतही नव्हती.

तेवढ्यात बांधावर थोरला दीर दिसला. धुतलेलं धोतर, नवा पटका आणि बरोबर गावातली दोन प्रतिष्ठित माणसं. बांधाच्या पलीकडं तो थांबला. थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं नसतं, म्हणून तो माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "पोरी, मावशीला इचार, येळवशीला आल्या माणसाला उपाशी माघारी धाडत्यात का? तिनं 'या' म्हनावं, आमी येतो."

दोन साक्षीदार तो घेऊनच आला होता.

मावशीचा हात भाकरीवर गेला. तिच्या ओठांवर 'या' आलेलं मला दिसलं. ती त्याला भीत होतीच, पण येळवशीला कुणाला उपाशी पाठवायचं ही तिला त्याहून मोठी भीती होती. आमच्याबरोबर शेतात आलेली शेजारची म्हातारी पुटपुटली, "आता गं बाई, इकडं वकील अन् तिकडं लक्ष्मी!"

मी मावशीचं मनगट धरलं. थेट बोलणं तिलाही शक्य नव्हतं. उत्तर माझ्याच तोंडून जायचं होतं. तिघं पुरुष माझ्याकडं बघत होते. मी ताट घेतलं, तिघांना पुरेल इतकी भज्जी वाढली, उंडे ठेवले, अंबिलीचा तांब्या उचलला आणि बांधापर्यंत चालत गेले. अंबील माझ्या हातावर सांडत होती. बांधाच्या अलीकडं उभी राहिले आणि त्या दोन साक्षीदारांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, मावशीनं तुम्हाला शेतात बोलावलेलं नाही. पण येळवस आहे, तिघंही पलीकडंच बसा, पोटभर जेवा, अन् मुन्सफसाहेबांनी विचारलं तर कुठं बसून जेवलात तेही सांगा."