निव्वळ ठोके

समजा, तुम्ही नगरमधल्या सायकलच्या दुकानात उभे आहात. काउंटरवर दोन डबे मांडलेत. एकात मनगटावर बांधायचं घड्याळ, दुसऱ्यात छातीवर आवळायचा पट्टा. दोन्ही तुमच्या काळजाचे ठोके मोजून हँडलवरच्या छोट्या सायकल कॉम्प्युटरला आणि मोबाइललाही कळवणार. विक्रेता अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आत्ताच शर्यत जिंकून आल्यासारखा सांगतोय, की चढ, उतार, पायडलचे फेरे, सूर्यास्ताची वेळ, सगळं इथं दिसेल. तुम्ही काय विचाराल?

काष्टीच्या रामहरींनी विचारलं, "याला वजनमापे खात्याचा शिक्का कुठंय?"

रामहरींची सगळी नोकरी शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी आली की भरलेलं वजन, खाली होऊन परतली की रिकामं वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरला तो निव्वळ ऊस. या वजाबाकीवर त्यांनी संसार केला. निवृत्त झाले आणि छातीत कळ आली. काळजाच्या नळीत स्प्रिंग बसली. डॉक्टरांनी सायकलीला परवानगी दिली ती एका अटीवर, ठोके मिनिटाला एकशेवीसच्या वर जाता कामा नयेत. पत्नी राहीबाईंनी त्याला आपली अट जोडली. रोज मोबाइलवर आकडा दाखवायचा, न्हाईतर सायकलीला कुलूप.

सायकल रामहरींना हवीच होती. घरी बसलं की येणारा-जाणारा 'आता कसं वाटतंय' विचारून चहा पिऊन जायचा. सायकलवरच्या माणसाला कोणी तब्येत विचारत नाही.

विक्रेत्याचा कल महागड्या घड्याळाकडे होता. रामहरींनी ते बांधून हात जोरात हलवला, तर आकडा नाचला. "हालता काटा कामाचा न्हाई," म्हणत त्यांनी पट्टा उचलला. निवड बरोबर होती. आतली बाजू ओली करून घट्ट बांधला, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पट्टाच खरं बोलतो. चूक झाली ती पुढे.

पहिल्याच फेरीत पुलाच्या चढावर आकडा गेला एकशे बेचाळीसवर. मोबाइलवरची लाल रेघ बघून राहीबाई कुलूप शोधायला लागल्या. रामहरींनी त्यांना शांतपणे समजावलं. सकाळीच खाटेवर पडून त्यांनी रिकाम्या काळजाचं वजन घेऊन ठेवलं होतं, अडुसष्ट. ते वजा केलं की निव्वळ ठोके फक्त चौऱ्याहत्तर. उलट, अजून सेहेचाळीसची जागा शिल्लक होती.

राहीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अवो, ऊस उतरवल्याबिगर गाडी रिकामी धरत हुता का तुमी?"

"न्हाई."

"मग काळीज कुठं उतरवून ठिवलं हुतं?"

प्रकरण नगरला डॉक्टरांपुढं गेलं. वजाबाकी ऐकून डॉक्टर खूश झाले. खेळाडूंच्या सरावात अशी वजाबाकी खरंच करतात, म्हणाले. रामहरींनी विजयी चेहऱ्यानं राहीबाईंकडे बघितलं.

"पण काका," डॉक्टर म्हणाले, "मी सांगितलेला आकडा भरल्या गाडीचा आहे."

मग राहीबाईंनी शेवटची संधी दिली. आठवडाभर आकडा हद्दीत राहिला तर सायकल कायमची मोकळी. रामहरी कॉम्प्युटरवर डोळा ठेवून चालवू लागले. चढ दिसला की उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. शनिवारी बाजाराला निघालेल्या शेळ्या त्यांच्या पुढे निघून गेल्या, आणि शेळ्यांच्या मालकानं थांबून विचारलं, आता कसं वाटतंय. तेही त्यांनी सोसलं. आकडा एकदाही एकशेदहाच्या वर गेला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. राहीबाई ओट्यावर उभ्याच होत्या. त्यांनी मोबाइलसाठी हात पुढे केला. पट्टा अजून छातीवर होता आणि नोंद चालू होती. राहीबाईंच्या डोळ्यांदेखत रेघ उठली आणि एकशे सत्तावीसवर जाऊन थांबली. सायकलीला कुलूप लागलं.

रामहरींनी वाद घातला नाही. आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, एकच सांगा. सायकलवरनं उतरल्यावर जे ठोके वाढले, ते सायकलच्या नावावर धरायचे का आमच्या मंडळींच्या?"