दोन पानांचा अर्ज

मी लिहिलेला पहिला इंग्रजी अर्ज दोन पानांचा होता आणि त्यात काहीही नव्हतं. हे मला आज दिसतं. तेव्हा वस्तीत कोणालाच दिसलं नाही, मला तर मुळीच नाही.

बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे यंत्रांवर कापूस पिंजतात आणि त्याची बारीक भुकटी दिवसभर हवेत तरंगत राहते. पाळी सुटली की बाबा घरी यायचे ते पांढऱ्या भुवया घेऊन. लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं. मग छातीचं दुखणं सुरू झालं, आणि तेही विचित्र. रविवारी सुट्टीला बाबा बरे असायचे. सोमवारी कामावर गेले की दुपारपर्यंत छाती आवळून यायची, श्वास अर्ध्यातच अडकायचा. मंगळवारी जरा कमी, शनिवारपर्यंत सोसण्याइतकं. गिरणीतले लोक त्याला ‘सोमवारची छाती’ म्हणायचे, बिडी पेटवायचे आणि दुसरं काही बोलू लागायचे.

बाबांना घडी खात्यात बदली हवी होती. तिथे तयार कापडाच्या घड्या घालतात, भुकटी नसते. एवढंच मागणं होतं. ती बदली वेळेवर मिळाली असती तर बाबा म्हातारे झाले असते, असं मी आजही मानते.

बदली गिरणीच्या साहेबांच्या हातात होती. ते दूरच्या मुलखातले. मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. कामगार त्यांच्यापर्यंत पोचत नसे, कागद पोचत असे. आणि मराठी कागद खालच्या बाबूच्या टेबलावरच झोपतो, इंग्रजी कागद वर चढतो, अशी वस्तीत पक्की समजूत होती. इंग्रजी जितकं जड तितका कागद उंच जातो, ही त्याच्या पुढची समजूत. कचेरीसमोरच्या झाडाखाली पैसे घेऊन अर्ज लिहिणारे बसत. त्यांच्यातही ज्याचा अर्ज कोणालाच समजत नाही तो सगळ्यांत हुशार मानला जाई.

धम्मदीक्षेच्या दिवशी मी मायच्या कडेवर होते. ही पोरगी शिकणार, हे बाबांनी त्याच दिवशी ठरवलं होतं. वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मीच, तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली नसती तरच नवल. बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून मी तयार अर्जांचं एक जुनं पुस्तक आणलं आणि त्यातल्या सहा अर्जांमधली भारदस्त वाक्यं उचलून एकापुढे एक लावली. एक पोस्टातल्या माणसाच्या रजेच्या अर्जातलं, एक शेतसारा माफ करा म्हणणाऱ्याचं, एक बहुधा कोण्या राजाच्या पदरी असलेल्याचं. ‘आय मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट’ अशी सुरुवात होती, पण ‘स्टेट’ काहीच केलं नव्हतं. साहेबांच्या दयेला मी समुद्र म्हटलं होतं. खोकला घातला नव्हता, कारण पुस्तकात कोणी खोकत नव्हतं. सोमवार नव्हता, कापूस नव्हता. शेवटी जे योग्य ते करावं, अशी विनंती होती. योग्य ते म्हणजे काय, हे साहेबांनी ओळखायचं होतं.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला तो दारात उभं राहून मोठ्यानं वाचायला लावला. चार घरची माणसं जमली. मी वाचलं, आणि कबूल करते, मला फार छान वाटलं.

“काय लिवलं वं त्यात?” शेजारच्या मावशीनं विचारलं.

“तुले काय समजन?” बाबा म्हणाले. “मलेच काही समजून नाही राहिलं!” आणि ते इतक्या आनंदानं हसले की त्यांना ठसका लागला.

अर्ज गेला. महिन्यानं बाबांनी बाबूला विचारलं, तो म्हणाला, वर गेला आहे. वर गेला हे ऐकूनच आम्ही खूश. दर महिन्याला बाबा विचारायचे आणि तो तेच सांगायचा. असं एक वर्ष गेलं, मग दुसरंही जायला आलं. सोमवारचं दुखणं मंगळवारवर आलं, मग बुधवारवर. पुढे रविवारीही बाबा भिंतीला टेकून बसू लागले. माझ्या अर्जात काही खोट असेल, असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. साहेबांचं मन कठोर आहे, असंच आम्ही धरून चाललो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंग्रजी शिकवायला एक नव्या बाई आल्या. बारीक, करड्या आवाजाच्या, आणि अजिबात न हसणाऱ्या. त्यांनी निबंध दिला: माझ्या घरातली सकाळ. मी सूर्यदेवाच्या सोनेरी रथापासून सुरुवात केली आणि चार पानं भरली. वही परत आली तेव्हा चारही पानांवर आडव्या तांबड्या रेघा होत्या आणि खाली तीन प्रश्न: कोण? काय केलं? केव्हा?

मी रागानंच त्यांच्या खोलीत गेले. बाईंनी मला बसवलं आणि मराठीत विचारलं, “आज सकाळी तुझ्या घरी काय झालं?”

“काही नाही.”

“काहीतरी झालंच असेल. कोणी काय केलं?”

“बाबांना श्वास घेता आला नाही,” मी म्हणाले. “कामावर जायचं होतं, पण उंबरठ्यावरच बसले.”

“मग हेच लिही. एका वाक्यात एक गोष्ट.”

मी लिहिलं. माय फादर कुड नॉट ब्रीद धिस मॉर्निंग. सगळे शब्द शाळेतले. त्यातल्या एकासाठीही मला पुस्तक उघडावं लागलं नाही. बाईंनी वाचलं, होकारार्थी मान हलवली आणि पुढची वही ओढली. मी मात्र त्या ओळीकडे बघत बसले. इंग्रजीत आमच्या घराबद्दलचं ते पहिलंच खरं वाक्य होतं, आणि ते अर्जात नव्हतं. दोन वर्षं साहेबांच्या फायलीत जो कागद पडून होता, त्यावर माझे बाबा आजारी आहेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी नवा अर्ज लिहायला हवा होता. नाही लिहिला. एक महिना नाही लिहिला. लिहिला असता तर पहिला फुकट होता हे बाबांना सांगावं लागलं असतं. शिवाय साधं वाक्य लिहायचीच मला लाज वाटत होती. जड इंग्रजीआड आमचं घर, वस्ती, बाबांचा बेडका, सगळं झाकलं जायचं. साध्या वाक्यात ते उघडं पडत होतं. रोज मी वहीच्या मागच्या पानावर एक वाक्य लिहायची आणि खोडायची. त्या महिन्यातले चार सोमवार मला अजून खातात. कोणी कितीही समजूत घातली तरी खातात.

शेवटी अर्ज लिहिला, तो चार वाक्यांचा. मी कार्डिंग खात्यात सतरा वर्षं काम करतो. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलो की मला श्वास घेता येत नाही, आणि आता तो आठवडाभर घेता येत नाही. हे कापसाच्या भुकटीनं होतं. मला घडी खात्यात पाठवावं ही विनंती.

बाबांनी कागद उलटा केला. मागे काही नव्हतं.

“येवढाच?”

“एवढाच, बाबा.”

“काहून वं? कॉलेजात इंग्रजी कमी झाली का तुही?” त्यांचा चेहराच उतरला. “साहेब काय म्हणन? याच्या पोरीले चारच ओळी येतात.”

मावशी दारातूनच म्हणाली, “दोन साल डोंगर पोखरला अन् उंदीर काढला.”

मी हट्ट धरला, रडले. बाबांनी अर्ज नेला, पण घडी घालून, लपवून, एखादी लाजिरवाणी वस्तू न्यावी तसा.

चौथ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. दोन वर्षं जे दार उघडलं नव्हतं ते चौथ्या दिवशी. बोलणं समजावं म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं. आत गिरणीचे डॉक्टरही होते. त्यांनी तिथेच बाबांचा सदरा वर करायला लावून पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि साहेबांकडे बघून नकारार्थी मान हलवली. साहेब माझ्या कल्पनेतल्यासारखे कठोर नव्हते. थकलेले, चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी समोरच्या कागदावर सही केली: उद्यापासून घडी खातं. मग फायलीतून माझी जुनी दोन पानं काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मला इंग्रजीत विचारलं, “हे आम्हाला दोन वर्षांपूर्वी का सांगितलं नाही? त्याच दिवशी हलवलं असतं. आता डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला.”

एकेक शब्द मला समजला. पुन्हा विचारावं लागलं नाही.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. “टू इयर म्हणजे दोन साल ना वं? काय म्हणून राहिले साहेब?”

मी म्हणाले, “साहेब म्हणतात, दोन वर्षांत इतका चांगला अर्ज आला नव्हता.”

“कोणता? पयला?”

“हो,” मी म्हणाले. “पहिला.”

बाबांनी साहेबांना हात जोडले. माझ्याकडे बघून त्यांची छाती फुगली, जेवढी फुगू शकत होती तेवढी. साहेबांनी नजर खाली घातली. त्यांना वाटलं असेल, मी सगळं सांगितलं.

घडी खात्यात बाबांनी पाच महिने काढले. मग जिना चढता येईना, मग कूसही बदलता येईना. जो येईल त्याला ते साहेबांचं म्हणणं सांगायचे. बोलायला दम पुरत नसला तरी तेवढं पुरं करायचे. ते गेल्यावर बुद्धवंदनेला माणसं जमली, त्यात खालचा बाबूही होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब म्हणाले म्हणे, दोन सालात असा अर्ज नाही पाहिला.”

मी मान डोलावली.