कट्ट्यावरची म्हस

ताज्या धारेच्या दुधाचा वास आला की मला ती परदेशी बाई आठवते. आम्ही बँकेच्या कर्जावर म्हशी घेतल्या, तेव्हा आम्हाला धंदा शिकवायला ती आपखुशीनं, बिनपगारी आली होती. मी रोज म्हस चौकातल्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढायचो. फळ्यावर दुधाच्या कॅनचं चित्र काढून बाई मोडक्या मराठीत म्हणाली, "म्हैस घरी ठेवा, दूध यातून आणा, वेळ वाचेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं. "बाई, उद्या कट्ट्यावर या, मग शिकवा!" दुसऱ्या दिवशी निम्मं दूध घरीच काढलं, कॅन कट्ट्यावर मांडला आणि शेजारी म्हस बांधली. बाई बघत उभी. कॅनकडं बोट करून एक गिऱ्हाईक म्हणालं, "पाणी घातलंयस व्हय रं?" बाकीचे तर फिरकलेच न्हाईत. मग मी म्हशीखाली बसलो. पितळी पेल्यात फेस चढला तशी रांग लागली, आणि शेवटी बाईनंबी पेला पुढं केला. आता सून पिशवीतलं दूध आणते आणि म्हणते, "मामंजी, जमाना बदलला." मी तिला पिशवीवर छापलेली म्हस दाखवतो. म्हस दाखवल्याबिगर पिशवीवाल्यांचंबी भागत न्हाय की!