ध्वनीचा धडा

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी पहिली नेमणूक कवठे महांकाळजवळच्या एका गावच्या शाळेत झाली. माझ्या चौथीच्या वर्गात कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याची मुलगी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. ध्वनीचा धडा आला तेव्हा तिला कसं शिकवावं, हे मला सुचेना.

मी उपड्या डब्यावर ज्वारीचे दाणे ठेवून डबा वाजवला. दाणे उडाले, मुलं हसली. तिनं पुढं येऊन डब्यावर तळहात टेकला, आणि शाळा सुटल्यावर मला हाताला धरून घरी नेलं. बाप कापूस पिंजत होता. तिनं माझा हात त्याच्या धनुकलीच्या लाकडावर ठेवला. तिच्यावर ताणलेल्या तातीची, म्हणजे दोरीची, थरथर माझ्या कोपरापर्यंत आली.

"ल्हान हाय तवापास्नं असाच हात लावून बसती, बाई," तो म्हणाला.

वार्षिक परीक्षेला तालुक्याचे साहेब आले. त्यांनी तिला विचारलं, "आवाज कशामुळे होतो?" मी तो प्रश्न खुणांनी सांगितला. तिनं साहेबांचा हात धरून टेबलावर ठेवला आणि टेबल वाजवलं. त्यांनी हात काढून घेतला.

"साहेब, हेच उत्तर आहे," मी म्हणाले.

"तोंडी परीक्षा आहे, बाई. उत्तर तोंडानं यायला हवं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा 'बरोबर' म्हणून मी मान हलवली. जूनमध्ये तिला पुन्हा चौथीतच बसवावं लागलं. ते का, हे सांगायला माझ्याजवळ एकही खूण नव्हती.