पाणी गेला कठं?

"पाणी गेला कठं?" हा झाडांना पाणी देणाऱ्या काकांचा ठरलेला प्रश्न. खांद्यावर फावडं, कमरेला आखूड पंचा आणि नजर कायम जमिनीकडे. पाटात पाणी सोडलं की ते त्याच्या पुढे पुढे चालत आणि दर झाडापाशी वाकून हेच विचारत. झाडाला विचारत, पाण्याला विचारत की स्वतःला, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. वहीत 'पाणी गेला' दिसलं की माझं लाल पेन आपोआप चालू होतं. बदली होऊन डहाणूला आले आणि एका चिकूच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, "काका, पाणी गेलं म्हणायचं." त्यांनी फावडं टेकवलं, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "गेलं तर गेलं, बाय. पन कठं?"

ते कैनाडकडच्या एका पाड्यावरून सकाळी चालत येत. वाडीतल्या झाडांना पाणी देणं एवढंच त्यांचं काम. घड्याळ नव्हतं, 'तुम्ही' हा शब्द नव्हता. मला तू, मालकीणबाईंनाही तू. आणि मालकीणबाई म्हणजे अशा, की त्यांच्या ओसरीवर चिमणीसुद्धा पाय पुसून येत असेल.

२०१५ च्या मार्चमध्ये मी शाळेच्या मागच्या गटारातून दोन महिन्यांचं कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलं. भुऱ्या रंगाचं, म्हणून भुरू. एकटं राहणारी माणसं असले उद्योग करतात, तुम्हीही पाहिलं असेल. तोवर संध्याकाळी घरी परतायची मला कधी घाई नसायची. भुरू आला आणि मी शाळेतून चक्क पळत यायला लागले.

सहाव्या दिवशी भुरूने ओसरीवर वाळत घातलेल्या चिकूच्या चकत्यांवर धार सोडली. थोडीथोडकी नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मालकीणबाई आरडाओरडा करत नसत, ते जास्त वाईट होतं. "बाई," त्या म्हणाल्या, "आठ दिवस देते. सुधारला तर ठीक, नाहीतर जिथून आणलात तिथे नेऊन सोडा."

मी शिकलेली बाई. मी विचार केला, आत पाणी गेलंच नाही तर बाहेर येणार कुठून? दुपारनंतर भुरूचं भांडं कपाटावर जायला लागलं. मन खायचं म्हणून भरपाईला धाकट्या डहाणूच्या कोळणीकडून घेतलेली खारी सुकट भातात कालवून द्यायची, तो मागेल तेव्हा. दोन दिवस घर कोरडं ठणठणीत राहिलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी मला हाक मारली. भुरू एका झाडाच्या आळ्यात पोटावर पडून चिखल चाटत होता. काकांनी त्याचा ओठ वर केला आणि हिरडीला बोट लावलं. बोट चिकटलं.

"याला पाणी कवा दिलंस?"

"सकाळी."

त्यांनी भुरूचं तोंड हुंगलं. "खारा घातलंस आनि पाणी तोडलंस?" मी त्यांना रागावलेलं तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. "वाडी कोरडी ठेवाया झाड मारतंस काय? पाणी तोडायचा नाय, बाय. पाण्याला वाट द्यायची."

मग ओंजळीत थोडं थोडं पाणी घेऊन ते त्याला पाजत राहिले. एकदम भांडं पुढे केलं नाही. सुकलेल्या आळ्यात एकदम पाणी सोडलं की ते वरच्यावर वाहून जातं, म्हणाले. मी बाजूला उभी होते. माझी मला इतकी लाज वाटली की चिकूच्या पानांकडे बघत राहिले. शिवाय भुरूवर मी ओरडतही असे, तेही त्यांनी ऐकलेलं होतं. "पाट फुटला तर पाण्याला मारतंस काय?" असं त्यांनी जाता जाता विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. अभ्यासच म्हणायचा, कारण काकांना त्या पिल्लाचं भारी कुतूहल. आत गेलेलं पाणी किती वेळाने बाहेर येतं, हे त्यांनी झाडांवर मोजलं. एक आळं भरायला लागतो तो वेळ म्हणजे एक आळं. "प्यालं तं येक आळा, खाल्लं तं दोन," असा त्यांनी दुपारपर्यंत निकाल दिला. मी गुपचूप मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. एक आळं म्हणजे दहा-बारा मिनिटं, आणि भुरू जवळपास तेवढ्यातच जागा हुंगत गोल फिरायला लागे. मी शाळेत गेले की तो त्यांच्यामागून पाटाच्या कडेने हिंडायचा.

सुकट बंद झाली. पेज आणि भाकरी दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी; राहिलं तर भांडं उचलायचं. पाणी दिवसभर समोर, आणि दिवेलागणीनंतर जरा हात आखडता. उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, प्याला की बाहेर, दर वेळी ओसरीपासूनच्या पाचव्याच झाडाशी. तिथे काम झालं की काका म्हणायचे, "गेला बघ, जायाचा तिथं गेला!" आणि भुरू कौतुक झाल्यासारखा शेपटी हलवायचा.

आठव्या दिवशी मालकीणबाईंनी मुद्दाम ओसरीवर चकत्या पसरल्या. परीक्षाच ती. मी खुर्चीच्या कडेवर बसलेली, काका फावड्यावर रेलून उभे. भुरू पोटभर प्याला, ओसरीवर आला, चकत्या हुंगल्या. मग तो वळला, पायऱ्या उतरला आणि तुरुतुरु पाचव्या झाडाकडे गेला. मालकीणबाई चकत्या उचलून आत गेल्या. पण पुढच्या महिन्यात एका दुपारी मी वह्या तपासत होते, तर ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "अहो बाई, एक आळं होऊन गेलं, सोडा त्याला!"

२०१८ मध्ये वाडीत ठिबक बसलं. पाट बुजले. काळ्या नळ्यांमधून थेंब थेंब पाणी जिथे जायचं तिथे बरोबर जायला लागलं. काका दोन दिवस नळ्यांच्या कडेकडेने फिरले आणि मग तलासरीकडे मुलीच्या घरी राहायला गेले. भुरू कितीतरी दिवस वाडीच्या फाटकाशी बसून असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना बरं नाही असं कळलं. मालकीणबाईंनी दिलेली चिकूची पिशवी घेऊन मी तलासरीला गेले. ते बाजेवर बसले होते. पाय सुजून खांबासारखे झालेले. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेजारी एक तांब्या होता आणि त्यावर चुन्याने रेघ मारलेली होती.

"आता मी भुरू झालो," ते हसले. मग त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. त्या खळग्याकडे ते अगदी बारकाईने, पूर्वी आळ्यात बघायचे तसे बघत होते. "पाणी गेला कठं? तं हितं."

तेवढ्यात मुलीने मला काठोकाठ भरलेला पेला दिला. मी तो खाली ठेवला. त्यांच्यासमोर कशी पिऊ?

"पी," ते म्हणाले. "पाणी तोडायचा नाय."

मी प्यायले. ते माझ्या गळ्याकडे बघत राहिले. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी भुरूचं विचारलं. तो अजून पाचव्याच झाडाशी जातो, असं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांच्या मुलीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "बाबा गेला."

या वेळी 'गेला' बरोबर होतं.